ग्रँट रोडची नाटकशाळा

मराठी रंगभूमीच्या इतिहासास आरंभ करितांना आपण सांगलीस जातों, आणि तें यथायोग्य आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु तो आश्रय सुटल्यावर ज्या इमारतीनें या नाटकमंडळीस उभें राहण्यास जागा दिली, तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. ती इमारत म्हणजे मुंबईची ग्रँट रोडवरील नाटकशाळा होय.

तिचा जन्म मराठी नाटकांसाठीं झाला नव्हता. मुंबईच्या इंग्रजांनीं १७७६ सालीं वर्गणी जमवून किल्ल्यांतील मोकळ्या मैदानावर एक नाट्यगृह बांधिलें होतें. हौशी साहेबलोकांनीं तें कसेंबसें चालविलें; कर्ज मात्र वाढत गेलें. अखेर १८३५ सालीं तें विकावें लागलें व जमशेटजी जीजीभाईंनीं तें ५०,००० रुपयांस घेतलें. कर्ज फिटून जी शिल्लक उरली ती सरकारी तिजोरींत पडून राहिली. पुढें नव्या नाट्यगृहासाठीं सरकारकडे अर्ज झाला. अर्जदारांत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही होते. इमारतीसाठीं जागा नानांनीं स्वतःची दिली, आणि १८४६ सालीं नाटकशाळा उघडली.

त्या जागेनेंच सर्व घोटाळा केला. आपल्या दृष्टीनें पाहतां, सर्व उपकार केला. किल्ल्यांतल्या साहेबास रात्रीं गाडी जोडून इतक्या दूर, एतद्देशीयांच्या वस्तींत यावयाचें जिवावर येई. इंग्रजी खेळांस माणसें जमेनात. रिकामें घर मिळेल त्या भाडेकऱ्यास द्यावें लागतें, आणि सभोंवारची वस्ती तर मराठी, गुजराती, पारशी लोकांची!

इकडे १८५१ सालीं चिंतामणराव वारले आणि सांगलीकर मंडळीस पोटासाठीं बाहेर पडणें प्राप्त झालें. १८५३ च्या मार्च महिन्यांत ती ग्रँट रोडच्या रंगमंचावर चढली. नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांचें तीस पाठबळ होतें. इंग्रजी वर्तमानपत्रांत खेळाची जाहिरात आली. शेक्सपियर व शेरिडन यांच्या भाषेसाठीं उभारलेल्या त्या घरांत सूत्रधार पदें म्हणूं लागला, विदूषकानें त्याची फिरकी घेतली, मोरावर बसून सरस्वती आली आणि राक्षसांनीं आरोळ्या ठोकल्या. या खेळांस पुढें सुशिक्षितांनीं ‘अललडुर्र’ म्हणून हिणविलें. हिणवणारांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावयास हवें होतें कीं, त्या आरोळ्यांवर एक मंडळी स्वतःच्या कमाईनें जेवत होती.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत याच रंगमंचावर पारशी मंडळीनें रुस्तुम-सोहराबाचा खेळ केला, आणि नोव्हेंबरांत भाव्यांनीं हिंदी भाषेंतून ‘गोपीचंद’ दाखविला. एका वर्षांत, एका छपराखालीं, तीन भाषांची नाटकें! मधल्या एप्रिलांत १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी सुटली होती.

राजा भाडें मागत नव्हता. ही नाटकशाळा मागत होती. दिवाबत्तीचा खर्च, जाहिरातीचा खर्च, मग उरेल तें नटांचें. एकाच्या मर्जीतून सुटून मंडळी अनेकांच्या मर्जींत सांपडली, हें खरें. तरीही मला ही दुसरी पराधीनता बरी वाटते. संस्थानिक गेला तेव्हां सांगलीकरांस गांव सोडावें लागलें. मुंबईचा प्रेक्षक रुसला तर पुढच्या गांवीं तंबू ठोकतां येत होता. आमच्या नगरास १८७८ सालीं धोंड-मनमाड रस्त्यानें आगगाडी आली, तेव्हां पडदे व पेट्या घेऊन हिंडणाऱ्या मंडळ्यांस इकडचाही मार्ग सुलभ झाला.

पुढें ग्रँट रोडवर १८७० सालीं व्हिक्टोरिया नाट्यगृह झालें, आणखीही झालीं. १८७९ सालीं बोरीबंदराजवळ गेइटी निघून साहेबलोकांची सोय झाली. नानांच्या जागेवरील जुनी नाटकशाळा मागें पडली आणि नाहींशी झाली. तिच्याहून पुष्कळ धाकटें, १९११ सालीं उद्घाटन झालेलें ऑपेरा हाऊस १९९३ सालीं बंद पडूनही २०१६ सालीं पुन्हा उघडलें. त्याचें सोनेरी नक्षीकाम लोक कौतुकानें पाहतात. ग्रँट रोडच्या त्या भागास मात्र मुंबईकर अद्यापि ‘पिला हाऊस’ म्हणतात. तेथें पिवळें घर शोधूं नये. ‘प्ले हाऊस’ हा शब्द गाडीवानांच्या व हमालांच्या तोंडीं घासून तेवढा उरला आहे.