चांदागड (चंद्रपूरचा परकोट)

चंद्रपूर या जिल्ह्याच्या ठिकाणचा गोंडकालीन भुईकोट. शहराचे जुने नाव चांदा. पश्चिमेला इरई व पूर्वेला झरपट या नद्या असून दक्षिणेला त्यांचा संगम होतो. लोकसंख्या 3,20,379 (2011).

गोंडांची राजधानी आधी बल्लारपूरला होती. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहच्या अंगावर फोड होते. झरपटच्या कोरड्या पात्रातील झऱ्याच्या पाण्याने ते बरे झाले. पुढे त्याच परिसरात ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला आणि राणीच्या सल्ल्यावरून राजाने तेथे नगर वसवले, अशी दंतकथा आहे. तटाचा पाया त्याने घातला. काम पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि धुंड्या रामशाहच्या काळात ते पूर्ण झाले.

तटाची लांबी सुमारे 11 किलोमीटर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी. बगड, हनुमान, विठोबा, मसाण व चोर या पाच खिडक्या. हत्तीवर झेपावणारा सिंह हे गोंडांचे राजचिन्ह वेशींवर कोरलेले आहे. राणी हिराईने पती बीरशाहची समाधी अंचलेश्वर मंदिराजवळ बांधली. महाकालीचे देऊळही तिचेच.

अठराव्या शतकाच्या मध्यास चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. 20 मे 1818 रोजी इंग्रजांनी तटाला खिंडार पाडून किल्ला घेतला; किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. चाळीस वर्षांनी, 21 ऑक्टोबर 1858 रोजी, इंग्रजांविरुद्धच्या बंडाचे नायक बाबूराव शेडमाके यांना येथील तुरुंगात फाशी देण्यात आली. तो तुरुंग गोंड राजांच्या जुन्या वाड्यातच आहे.

विदर्भातल्या गोंडकालीन किल्ल्यांत इतका सलग तट क्वचितच टिकला आहे, आणि तोही भरवस्तीत. आजही वाहने जटपुरा वेशीतूनच ये-जा करतात. वाहनातून मात्र फक्त वेस दिसते. किल्ला समजून घ्यायचा तर तटाच्या कडेने पायीच फिरावे. इरईच्या बाजूला नदी आणि भिंत यांचे नाते ध्यानात येते: पाणी आणि शत्रू या दोघांनाही हा तट आडवा येत असे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असूनही बुरुजांवर झाडोरा माजला होता. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी तो हटवण्यास सुरुवात केली. त्यांच्या श्रमांमुळे तटावरच्या फेरीची वाट पुन्हा मोकळी झाली. अलीकडच्या काळात या किल्ल्यासाठी झालेले हे सर्वांत मोलाचे काम होय.

शहराबाहेर लालपेठ येथे रायप्पा वैश्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवाढव्य एकपाषाणी मूर्ती आहेत.

शहर परिसरात कोळसा खाणी व औष्णिक वीज केंद्र (2,920 मेगावॉट) आहे.

गोंदिया–नागभीड–बल्लारशा लोहमार्गावरील शहराच्या स्थानकाचे नाव ‘चांदा फोर्ट’ आहे. गोंदियाजवळच्या नागरा येथील प्राचीन शिवमंदिर पाहून निघालेल्या प्रवाशाला गोंदियाहून या मार्गावरच्या गाडीने थेट येथे उतरता येते. उन्हाळ्यात तटावरची फेरी पहाटेच उरकावी.