मोंढा, हळद आणि एक आयात शब्द

‘अ‍ॅग्रिबिझनेस’ हा शब्द अमेरिकेतला. हार्वर्डच्या जॉन डेव्हिस आणि रे गोल्डबर्ग यांच्या १९५७ च्या पुस्तकाने तो रूढ केला. शेताआधीची अवजारे-खते आणि शेतानंतरची साठवण, प्रक्रिया, विक्री हा सारा एकच व्यवहार आहे, असे त्यांचे म्हणणे. (कौटिल्याने कृषी, पशुपालन आणि वाणिज्य ‘वार्ता’ या एकाच नावाखाली घातले होते, आज वार्ता म्हणजे केवळ बातमी.) मराठीत त्याचा ‘कृषिव्यवसाय’ झाला आणि अफाट शेतांचे चित्र त्याला नकळत चिकटले. हिंगोली जिल्ह्याकडे पाहता ते आम्हांला फसवे वाटते.

येथे व्यापार वाढला, शेत लहानच राहिले. निजामाच्या राज्यात हिंगोली ही छावणी आणि कापसाची पेठ होती. लगतच्या वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार उभा राहिला, तो शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे. विलायतेच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात हवा होता. हैदराबाद संस्थानाने बाजाराचा कायदा १९३० मध्ये केला. मोंढा, अडत, तोलाई, हमाली हे शब्द आपल्या भाषेत मुरले ते अशा पेठांतून. मोठ्या व्यापाराची परिभाषा आपल्याकडे होतीच.

आता कापसाशेजारी हळद आली आहे. वसमतचा मोंढा तिच्यासाठी ओळखला जातो. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. जूनच्या सुमारास बेणे लावायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचे. मग शिजवणे, वाळवणे, ढोलात घालून पॉलिश करणे, निवडणे. डेव्हिस यांच्या व्याख्येने पाहिले तर ही प्रक्रिया, म्हणजे कारखान्याचे काम. येथे ते दोन-चार एकरांचा धनी आपल्या अंगणात उरकतो. भाव मात्र निजामाबाद, सांगली आणि इरोडच्या पेठांशी व वायदेबाजाराशी बांधलेला. व्याप जागतिक, जोखीम घरची, अशी ही विभागणी. आणि ‘कृषिव्यवसाय’ हा भारदस्त शब्द ती झाकतो, ही आमची तक्रार आहे.

बायकांची निवडणी तर ‘घरचे काम’ म्हणूनच ओळखली जाते. मोंढ्यातल्या पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई यांचे रकाने असतात. सरपणाचा आणि निवडणीच्या दिवसांचा हिशेब तिथे येत नाही. तो दरातच आला, असे धरले जाते.