आडोसा आणि नोंदवही

सरकारने अडवलेली प्रौढांसाठीची संकेतस्थळे व्हीपीएन लावून पाहण्याचा जो परिपाठ पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, तसाच तो देशभरच्या शहरांत, पडला आहे, तो वरवर पाहता स्मार्टफोनच्या दशकातला दिसतो. परंतु त्याची एक मुळी एकोणिसाव्या शतकातील अश्लीलताविषयक कायद्यात आणि दुसरी कारखान्यांच्या व संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्यांत शोधावी लागते, आणि या दोन मुळ्यांची गाठ कशी पडली हे पाहिल्याखेरीज बंदी आणि पळवाट यांचा आजचा खेळ नीट उमगत नाही.

भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम २९२चा रोख प्रथमपासून अश्लील मजकूर छापणाऱ्या, विकणाऱ्या आणि प्रदर्शित करणाऱ्या माणसावर होता. घरी बसून तो वाचणाऱ्याला त्या कलमाने हात लावला नाही. १९३४मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरासाठी खटला चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहूनही कर्व्यांना दंड झाला, पण मासिकाच्या वर्गणीदारांना कोणी जाब विचारला नाही. १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवरून मुंबईच्या रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली, ती पुस्तकविक्रेते म्हणून. आणि ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील कथेवरून चंद्रकांत काकोडकरांना जे न्यायालयीन हेलपाटे घालावे लागले व ज्यातून १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मोकळे केले, ते लेखक म्हणून. वाचक या सगळ्या इतिहासात निनावीच राहिला. त्याचे नाव लिहून ठेवण्याची गरज राज्यसंस्थेला प्रथम भासली ती इंटरनेट आल्यावर.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तरी घरात संगणक आणि दूरध्वनी दोन्ही असणे ही पुढची कित्येक वर्षे मोजक्या कुटुंबांची चैन होती, आणि म्हणून शहरोशहरी महाविद्यालये, क्लास आणि स्थानके यांच्या आसपास ताशी दराने संगणक देणारे सायबर कॅफे उघडले. तेथील प्लायवूडच्या छोट्या कप्प्यांना, म्हणजे बोलीतल्या ‘केबिन’ना, गिऱ्हाईक कशासाठी जास्त पैसे मोजते हे मालकाला, गिऱ्हाइकाला आणि पोलिसांना सारखेच ठाऊक होते. २००१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेऊन अज्ञान मुलांच्या संरक्षणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली, आणि तिने पुढील वर्षीच्या अहवालात ज्या शिफारशी केल्या त्यांत ग्राहकाची ओळख तपासणे आणि लहान मुलांना उघड्यावरच्या संगणकांवर बसवणे या दोन गोष्टी ठळक होत्या.

हीच दृष्टी केंद्र सरकारच्या एप्रिल २०११च्या सायबर कॅफेविषयक नियमांत देशव्यापी झाली, आणि हे नियम आज वाचताना त्यांतील सुतारकामाचा तपशील पाहून गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. कप्प्याची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसावी, कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, अश्लील संकेतस्थळे पाहण्यास मनाई असल्याचा फलक लावावा, प्रत्येक गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहून त्याची नोंद वहीत करावी, ती किमान वर्षभर जपावी आणि तिचा मासिक गोषवारा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत सादर करावा, असा हा बंदोबस्त होता. साडेचार फूट म्हणजे खुर्चीवर बसलेला माणूस झाकला जाईल, पण उभ्या माणसाला वरून डोकावता येईल एवढी उंची. आडोसा असावा, पण पुरता नसावा, ही राज्यसंस्थेची भूमिका इतक्या मोजमापासह क्वचितच कागदावर आली असेल.

तथापि कायद्याची मूळ चौकट फारशी हलली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६७ आणि ६७अ ही असा मजकूर प्रसिद्ध करणे व पाठवणे यांबद्दल आहेत. प्रौढ माणसाने तो खासगीत नुसता पाहणे त्यांच्या कक्षेत येत नाही. अपवाद फक्त बालकांच्या लैंगिक शोषणाच्या दृश्यांचा, कारण ऑक्टोबर २००९पासून लागू झालेल्या कलम ६७ब नुसार अशी दृश्ये शोधणे, पाहणे किंवा उतरवून घेणे हाही गुन्हा आहे, आणि तो सर्वस्वी रास्त आहे; व्हीपीएन लावल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

सायबर कॅफेचे नियम छापून होतात न होतात तोच त्यांची जागा ओसाड पडू लागली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरचा डेटा कवडीमोल झाला, आणि औद्योगिक पट्ट्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, पाळ्यांत काम करणाऱ्या तरुण कामगारांना घरापासून दूर, चौघा-पाचांच्या खोलीत, पांघरुणाआड मावेल एवढा स्वतःचा पडदा मिळाला. कप्प्याची उंची मोजणारा निरीक्षक येथे पोचणे शक्य नव्हते. अडसर दुकानाच्या दारातून उचलून तारेवर नेण्याचे काम मात्र जिओच्या आधीच सुरू झाले होते. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागाने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि गदारोळ होताच अवघ्या चार दिवसांत तो सैल केला. पुढे उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या आदेशानंतर त्याच यादीतील ८२७ स्थळांवर बंदी आली. ही अंमलबजावणी सरकार स्वतः करत नाही, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर सोपवते, आणि प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने संकेतस्थळाचा पत्ता अडवते, त्यामुळे एकाच खोलीत एका सिमवर बंद असलेले स्थळ दुसऱ्या सिमवर उघडे राहू शकते. शिवाय काही स्थळांनी पत्त्याचे शेपूट बदलून नवी दारेही तत्काळ उघडली.

राहिलेले काम व्हीपीएनने केले. व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे: ग्राहकाच्या यंत्रापासून दूरच्या एका संगणकापर्यंत कूटबद्ध मार्ग, म्हणजे जणू बोगदा, तयार होतो, आणि पुरवठादार कंपनीला फक्त पाकिटावरचा त्या दूरच्या संगणकाचा पत्ता दिसतो, आतल्या पत्रावर कोणाचा पत्ता आहे हे दिसत नाही. हे तंत्र चोरवाटेसाठी जन्मलेलेच नव्हते. १९९६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये गुरदीपसिंग पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची एक प्रारंभीची पद्धत बांधली, ती कर्मचाऱ्याला घरून किंवा प्रवासातून कार्यालयाच्या जाळ्यात सुरक्षितपणे शिरता यावे म्हणून. आणि त्याच दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा, तसेच परदेशी मुख्यालयांशी आराखड्यांची देवघेव करणाऱ्या चाकणच्या वाहन कारखान्यांचा व्यवहार अशाच मार्गांवर उभा राहिला. मार्च २०२०च्या टाळेबंदीत ‘व्हीपीएन कनेक्ट कर’ हे वाक्य वाकड-चिंचवडच्या घराघरांत पोचले. कचेरीचे हे हत्यार अंगवळणी पडलेल्या माणसाला त्याच जातीचे फुकट ॲप फोनवर उतरवणे जड जाण्याचे कारण नव्हते. ते फुकट ॲप ग्राहकाच्या वापराची माहिती विकून पोट भरत असण्याचा संभव मात्र फार थोड्यांनी विचारात घेतला.

राज्यसंस्थेची खरी अडचण येथे होती. ऑगस्ट २०२१मध्ये गृहविषयक संसदीय स्थायी समितीने व्हीपीएन कायमचे बंद करण्याची शिफारस केली, पण तसे करणे म्हणजे हिंजवडीचे कामकाज त्याच दिवशी ठप्प करणे. सरकारने बोगदा बुजवला नाही. त्याच्या तोंडाशी वही ठेवली. संगणक-सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश दिले, की व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, वापरलेले जालपत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू ही माहिती पाच वर्षे जपावी. सायबर कॅफेची एक वर्षाची वही येथे पाच वर्षांची झाली, आणि ‘हेतू’ या रकान्यात कोण काय लिहिणार होते हा प्रश्न निर्देशकर्त्यांना पडलेला दिसत नाही. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळल्याचा खुलासा लगेचच करण्यात आला. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी जून महिन्यात भारतातील आपले सर्व्हर हलवले, तर ग्राहकांच्या पडताळणीची मुदत २५ सप्टेंबर २०२२पर्यंत वाढवून देण्यात आली. योगायोग असा, की नेमक्या ही मुदत संपण्याच्या आठवड्यात दूरसंचार विभागाने आणखी ६७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला, आणि त्यांपैकी ६३ स्थळांची बंदी पुण्यातील न्यायालयाच्या आदेशावर आधारलेली होती.

त्यानंतर जुलै २०२५मध्ये उल्लूसह २५ ॲप व संकेतस्थळांवर बंदी आली, आणि ब्रिटनमध्ये त्याच महिन्यात वयाची पडताळणी सक्तीची होताच तेथेही व्हीपीएनची मागणी एकाएकी वाढली. औद्योगिक पट्ट्यातील संगणक-कर्मचाऱ्याच्या बाबतीत मात्र कंपनीचा व्हीपीएन या कामी निरुपयोगीच ठरतो, कारण त्या बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कंपनीची स्वतःची चाळणी असते, ती सरकारी यादीपेक्षा कडक असते, आणि कोणत्या लॅपटॉपवरून काय उघडण्याचा प्रयत्न झाला याची नोंद तेथे ओळखपत्र न मागताच होते.