शिंके : कांदा-लसणाची जाळी आणि ती वळणारे हात

शिंके म्हटले की डोळ्यांसमोर येते ते लोण्याचे मडके आणि त्याखाली उभा असलेला बाळकृष्ण. भागवताच्या दहाव्या स्कंधात शिंक्यावरच्या भांड्यांचा उल्लेख आहेच. पण जुन्या घरांत तुळईला टांगलेल्या शिंक्यात केवळ दूधदुभते नसे. कांदे, लसूण, रताळी हीदेखील तिथेच विसावत. आजचा धागा दोरीच्या त्या जाळीविषयी.

शब्द अतिशय जुना आहे. मूळ संस्कृत रूप 'शिक्य'. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात घराला उद्देशून एक सूक्त आहे (9.3), त्यात घराच्या आत बांधलेल्या शिक्यांचा उल्लेख येतो. शतपथ ब्राह्मणात हीच वस्तू यज्ञात शिरते : अग्नीचे पात्र सहा दोऱ्यांच्या शिक्यात ठेवून यजमान ते वाहतो आणि त्या सहा दोऱ्या म्हणजे सहा दिशा, असा अर्थ लावला जातो.

मला मात्र पाली विनयपिटकातील कथा अधिक मोलाची वाटते. एक भिक्षू आपले पात्र जाळीत घालून, ती जाळी काठीला अडकवून अवेळी निघाला. लोकांना वाटले, चोर चालला आहे आणि त्याची तलवार चमकते आहे! त्यांनी पाठलाग करून त्याला पकडले, ओळख पटल्यावर सोडले. परिणामी काठी आणि जाळी बाळगण्यावर निर्बंध आले. आजारी भिक्षूला मात्र संघाच्या संमतीने सवलत मिळाली. रोजच्या वापरातील वस्तू ग्रंथात येते ती बहुधा अशीच, काही घोटाळा झाला तर.

आता जाळीच का? कांदा काढणीनंतरही श्वास घेतो, ओल सोडतो. ढीग केला तर तळचे कांदे दबतात, घाम धरतात आणि एक नासला की शेजारचे नासतात. जाळीत हवा चहूबाजूंनी खेळते. शिवाय उंदीर आणि मुंग्यांची वाट अवघड होते. (मांजराचे म्हणाल तर 'शिंक्याचे तुटले, बोक्याचे फावले' ही म्हण आहेच.) आजच्या कांदाचाळीचा जमिनीपासून उचललेला तळ आणि फटींच्या भिंती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

शिंक्यात नवे पाहुणेही आले. रताळे आणि बटाटा दोन्ही मूळचे अमेरिकेतले. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. गंमत अशी की हे दोन्ही परदेशी कंद एकादशीला चालतात आणि हजारो वर्षे इथे रुजलेला कांदा चालत नाही. सोवळ्याचे नियम पिकाचे मूळ गाव पाहत नाहीत.

ते माणसाचे घर मात्र नेमके पाहत. गावगाड्यात दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. अंबाडीचे ताट पाण्यात कुजवायचे, साल सोलायची, धुऊन वाळवायची, मग पीळ देत दोर वळायचा. घायपाताचा वाखही असाच निघे. (घायपातही अमेरिकेतूनच आलेला!) कुजत्या पाण्याच्या दुर्गंधीत तासन्‌तास करायचे हे काम. त्यातून शेतकऱ्याचे नाडे, कासरे, बैलांची मुसकी, शिंकी तयार होत आणि मोबदला म्हणून सुगीत बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदारीची ही सारी व्यवस्था वाचायला मिळते.

ज्या हातांनी दोर वळला त्या हातांना सवर्णाच्या माजघराचा उंबरा ओलांडण्याची मुभा नव्हती. त्यांचा दोर आत अन्नाच्या माथ्यावर टांगलेला, आणि ते स्वतः अंगणाच्याही कडेला. वस्तूला विटाळ नाही, वळणाऱ्याला आहे, हा व्यवहार सर्वांच्या इतका अंगवळणी पडला होता की शिंक्याकडे पाहताना त्यातली विसंगती कुणाला टोचत नसे. शिक्यातल्या दोऱ्यांची संख्या ग्रंथकारांनी मोजून ठेवली. त्या वळणाऱ्यांची नावे कुठेच उरली नाहीत.

पुढे नायलॉनचा स्वस्त दोर गावोगाव पोहोचला आणि अंबाडीच्या दोराला गिऱ्हाईक उरले नाही. आज कांदा-लसूण घरी येतो तो बहुधा यंत्रावर विणलेल्या प्लास्टिकच्या लाल जाळीत. कात्रीने ती कापायची, कांदे टोपलीत ओतायचे आणि जाळी कचऱ्यात टाकायची.