आहारविहार : बारामती व इंदापूर तालुके

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील या दोन तालुक्यांतले खाणेपिणे, कष्ट व विश्रांती आणि त्यांचा आरोग्याशी असलेला मेळ. प्रदेश पर्जन्यछायेतला, पाऊस वर्षाला सरासरी ५०० मिमी.च्या आसपास, तोही लहरी. बागायत व जिराईत हा येथला मूळ भेद. नीरा डाव्या कालव्याखालची गावे बागायती, तर सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा पट्टा बव्हंशी जिराईत. दोन्हीकडच्या माणसांना एकच दिनचर्या सांगणारी पुस्तके त्यामुळे येथे अर्धीच लागू पडतात.

कालवा व पीकरचना : गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची नवी जमाबंदी १८३६ मध्ये प्रथम इंदापुरात लागू झाली. तेव्हापासून या भागातल्या शेताचे दप्तर भरगच्च आहे. चुलीचे दप्तर कोणी ठेवले नाही. १८७६–७८ च्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डाव्या कालव्याला पाणी आले आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस शिरला. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते मो. विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. तीत ठरावीक क्षेत्राच्या सुमारे एक तृतीयांश भागातच ऊस घेता येई; उरलेल्या जमिनीत धान्यादी हंगामी पिके फेरपालटाने. हेतू पाण्याच्या काटकसरीचा व जमिनीच्या जपणुकीचा होता, पण घरच्या धान्याची सोयही त्यात आपोआप राहिली. पाणी अति दिलेली रानं पुढे चोपण, म्हणजे खारवट व निकस, झाली. हॅरल्ड मॅन व तम्हाणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे अतिपोषणाने जमीन बिघडते हे येथे माणसांच्या मधुमेहाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी कागदावर आले. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा खासगी आणि १९५० च्या दशकात माळेगावचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर ऊस गुऱ्हाळाकडून कारखान्याकडे वळला व घराघरांतल्या गुळाच्या ढेपेची जागा साखरेच्या डब्याने घेतली.

आहार : जिराईत भागाचे जुने जेवण म्हणजे बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याचे कालवण, ठेचा, आणि पावसाळ्यात रानातली घोळ, पाथरी, तांदुळजा. हुलग्याचे शेंगोळे ही येथली खास थंडीतली चीज : पिठात लसूण, मिरची, जिरे वाटून घालायचे, घट्ट मळायचे, तळहातावर वळून कडबोळ्यासारखे वेटोळे करायचे आणि उकळत्या रश्श्यात सोडायचे. रस्सा आपोआप दाट होतो. वेगळी भाजी लागत नाही. या ताटाचे अलीकडे फार गोडवे गायले जातात. ते चौरस होते असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. दूध पुष्कळदा विक्रीला जाई, फळ सणावारी मिळे, आणि १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुखडी व परदेशी मिलो ज्वारीवर दिवस काढावे लागले.

याच जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून चाललेला, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील माता-पोषण अभ्यास येथे लक्षात घ्यावा लागतो. त्या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. बाळे किरकोळ, पण चरबी त्या मानाने जास्त. गरोदरपणात पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या मातांची बाळे भरीव आढळली. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता बहुसंख्य मातांत होती. ‘पोटभर’ आणि ‘पुरेसे’ यांत अंतर असते, हे यातून दिसते.

उजनी जलाशयामुळे इंदापूरच्या भिगवण बाजूला ‘चिलापी’ मासा सहज मिळतो.

कष्ट व चालणे : जिराईत शेतात व्यायाम वेगळा करावा लागत नसे. बागायतीत ट्रॅक्टर, दुचाकी व ठिबक आल्यावर मालकाचे चालणे घटले, मजुराचे नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस म्हणूनच येथे बांधावरच्या मालकाला लागू पडते. ऊसतोडीच्या कोयत्याला (तोडकरी जोडप्याला) ती सांगणे थट्टा ठरेल. वर्षातून एकदा मात्र सगळा परगणा चालतो. तुकाराम महाराजांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी या दोन तालुक्यांतून जाते. तिथीच्या हिशेबाने मुक्काम थोडेफार बदलतात. काटेवाडीत परीट मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि धनगरांची मेंढरे पालखीभोवती धावत फेरा घेतात. बेलवाडीला या पालखीचे पहिले गोल रिंगण होते : झेंडेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी आणि शेवटी अश्व. साठी उलटलेल्या बायका या रिंगणात तुळस सावरत पळतात. बाकी वर्षभर त्यांना ‘बीपी आहे, जपून’ असे सांगितले जाते.

झोप : गळीत हंगामात तोडकऱ्यांची अपुरी.

व्यसने : तंबाखू व मिसरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे.

संस्था : ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट (१९७१), त्याचे शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्र, माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था (२००९), बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२०१९). पहा : नीरा डावा कालवा, ब्लॉक पद्धत, चोपण जमीन.