स्वस्त चाकूची पारख

घडीचा चाकू हातात घेतला की आपण आधी काय बघतो? धार. पात्यावर हलकेच अंगठा फिरवतो आणि मान डोलावतो. पण धार काय, दगडावर घासून आणता येते. चाकूची खरी बांधणी कळते ती पातं आणि मूठ जिथे जोडली जातात, त्या सांध्यात. सांध्याने दगा दिला तर पातं मिटतं, आणि मिटतं ते आपल्याच बोटांवर. ही गोष्ट नीट समजावी म्हणून आज ओपिनेल या स्वस्त फ्रेंच चाकूचा इतिहास पाहू.

साव्हॉय हा आल्प्समधला डोंगराळ प्रांत, १८६० साली फ्रान्सला जोडला गेलेला. तिथे शेतीची हत्यारं घडवणाऱ्या एका घरात जोसेफ ओपिनेल वाढला. १८९० साली, जेमतेम अठरा वर्षांचा असताना, त्याने आपला चाकू बनवला. १८९७ पर्यंत त्याची १ ते १२ अशा क्रमांकांची मापं ठरली होती.

घडीच्या चांगल्या चाकूत तेव्हा मुठीच्या पाठीशी पोलादी स्प्रिंग असे. उघडलेलं पातं तीच धरून ठेवी. पण ती नेमकी बसवायला कसबी हात लागत, म्हणजेच पैसा लागे. ओपिनेलच्या चाकूत ती स्प्रिंगच नाही. पातं, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडाशी धातूचा पट्टा आणि आरपार एक खिळा. झाला चाकू! पातं धरून ठेवायचं काम सोपवलं नुसत्या घर्षणावर.

आता ही काटकसर म्हणायची की कमअस्सलपणा? दोन्ही, असं माझं उत्तर आहे. लाकूड ओलाव्याने फुगतं, मग खाच आवळते आणि पातं निघता निघत नाही. साव्हॉयच्या लोकांनी यावर उपाय शोधला. मुठीचं बूड एखाद्या कठीण वस्तूवर ठोकायचं, की पातं जरासं वर येतं आणि चिमटीत धरता येतं. उलट लाकूड सुकलं की पकड सैल होते. ही अडचण मात्र ठोक्याने सुटणारी नव्हती. तिथे बोटांशी गाठ होती.

१९५५ साली जोसेफचा मुलगा मार्सेल याने सांध्यावर एक फिरती कडी बसवली. कडीला फट असते. पातं उघडून कडी फिरवली की फट बाजूला सरकते आणि पात्याची परतीची वाट बंद होते. एवढा साधा तोडगा, पण तो यायला पासष्ट वर्षं लागली.

यातून पारखीची कसोटी मिळते, ती अशी. स्वस्त वस्तूत दोष असणारच, पण कुठला दोष दूर केला आणि कुठला राहू दिला, ते बघावं. लाकूड आजही फुगतं, कार्बन पोलादाचं पातं पुसून ठेवलं नाही तर आजही गंजतं. हे दोष वापरणाऱ्याला सांभाळून घेता येतात. बोट कापणारा दोष सांभाळून घेता येत नाही.

म्हणून दुकानात चाकू पाहाल तेव्हा तो उघडा, पात्याच्या वाटेतून बोटं बाजूला ठेवा आणि पातं आडवं हलवून बघा. खिळ्यापाशी ते डुगडुगतं का? कुलूप असेल तर पात्याच्या पाठीवर हलका दाब दिल्यावर ते टिकतं का? धारेचं नंतर बघू. किंमत कुठे वाचवली आहे, ते हा सांधाच सांगतो.