पोर्टांची यादी आणि नीरेचा पाट

मंडळी, शनिवारी रात्री स्विच बदलले आणि सोमवारी सकाळी अकाउंट्सवाल्यांचं नेट ठप्प. याचं मूळ मला नीरा डाव्या कालव्याच्या इतिहासात दिसलं. हसू नका.

हा कालवा 1880 च्या दशकातला. वीरपासून निघतो, बारामतीतून जातो आणि इंदापूर तालुक्यात संपतो. सुरुवातीला हंगामागणिक अर्ज करायचा आणि पाणी घ्यायचं. आज या शिवारात ऊस, उद्या चार मैलांवर दुसऱ्याचा. तुकडे विखुरलेले, त्यामुळे चाऱ्या लांबच लांब भरायच्या आणि बरंच पाणी वाटेतच मुरायचं. वर जमिनी पाणथळ, खाली कोरड्या.

1899 च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुण्यात होते. त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. पाणी ठरलेल्या सलग तुकड्यांनाच, तेही काही वर्षांसाठी. ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, बाकीत इतर पिकं, आणि फेरपालट. शेतकऱ्यांनी विरोध केला, साहजिकच. कुणाच्या शेतात काय पिकावं हे सरकारनं का ठरवावं? पण यातली गोम बघा. परवानगी जमिनीला होती. सर्व्हे नंबर काही चालत दुसऱ्या गावाला जात नाही.

आता आमच्या स्विचकडे. 2003 मध्ये सिस्कोच्या 3750 बरोबर स्टॅकवाइज आलं. नऊपर्यंत स्विच एकत्र जोडा, सगळे मिळून एकच स्विच. पोर्टचा पत्ता 3/0/12 असा, पहिला आकडा स्टॅकमधल्या स्विचचा. पोर्ट सिक्युरिटीची यादी याच पत्त्यावर: या पोर्टवर हाच मॅक ॲड्रेस, दुसरा दिसला की पोर्ट बंद.

आम्ही दुसरा आणि तिसरा, दोन्ही एकदम बदलले. नव्या डब्यांचा मूळ नंबर 1, तो पहिल्याकडे होताच. तिसऱ्या जागेवरचा आधी चालू झाला, त्यानं सगळ्यात लहान मोकळा नंबर घेतला, म्हणजे 2. दुसऱ्याला मिळाला 3. केबली जागच्या जागी, याद्या मात्र अदलाबदल! अकाउंट्सचे पीसी परके ठरले आणि पोर्ट एकामागून एक बंद पडले. यादी बरोबर होती, ती कशाला बांधली आहे ते चुकलं होतं.

कालव्यावर उलटी अडचण. यादी पक्की जमिनीला बांधलेली, पण दार माणसाच्या हातात. वरच्यानं रात्री चारीचं दार थोडं जास्त उघडलं तर टेलला असलेल्या इंदापूरकराच्या नशिबी वाट बघणं. आवर्तन आलं की टेलपर्यंत पाणी पोचणार का, ही काळजी तिकडे जुनीच आहे. त्या बाबतीत स्विच बरा, स्वतःच दार लावतो, ओळखीपाळखीनं उघडत नाही.

असो. आम्ही रीनंबरची कमांड देऊन दोन्ही स्विच रीलोड केले. आता नवा स्विच स्टॅकला जोडायच्या आधीच त्याला नंबर देतो, आणि तोच आकडा डब्यावर जाड मार्करनं लिहितो.